आगरातल्या खोपीवर डांबरी छप्पर



होळी झाली की आपल्याकडे आगोटीची कामे सुरू होतात. सरपण भरायचे, पेंढा रचायचा, घर शाकारायचे. घराकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण आगरातल्या खोपीकडे कोणी बघत नाही. खोपीत तर आपला सगळा पैसा असतो. सुपारीची पोती, सोललेले नारळ, बियाण्याचे भात, खताच्या गोणी, औषधाचा पंप, सगळे तिथेच. पावसाळ्यात चार दिवस छप्पर गळले की भाव येईपर्यंत ठेवलेली सुपारी काळी पडते, आणि मग व्यापारी सांगेल तो दर घ्यावा लागतो.

गुहागरच्या वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत आपली आगरे समुद्राला लागून आहेत. त्यामुळे छपराचे दुखणेही आपले वेगळे आहे. कौलारू खोपी सर्वांत थंड, यात वाद नाही. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल हळूहळू कोकणभर पसरले आणि आपल्या गावठी नळ्यांची जागा त्याने घेतली. पण माडाखालच्या कौलावर नारळ पडला की कौल गेले. उरलेली कौले माकडे काढतात, एक उचलून दुसऱ्यावर आपटतात. दरवर्षी कौले परतायला माणूसही मिळत नाही. म्हणून लोक लोखंडी पत्र्याकडे वळले, तर खारा वारा पत्रा खातो. आधी खिळ्यांच्या भोकापाशी तांबूस होतो आणि मग तिथूनच गळतो. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, पण नारळाने तडकतो, आणि ॲस्बेस्टॉस घातलेला पत्रा कापताना किंवा भोक पाडताना उडणारी धूळ छातीला फार वाईट.

चौथा एक उपाय आहे, तो आज सांगणार आहे. फळ्यांवर डांबरी फेल्ट घालायचे आणि त्यावर डांबरी शिंगल बसवायच्या. फेल्ट म्हणजे आपण ज्याला टारफेल्ट किंवा डांबरी कागद म्हणतो तोच. शिंगल म्हणजे साधारण तीन फूट लांब आणि एक फूट रुंद अशी डांबराची लवचिक पट्टी, वरून बारीक खडीचा रंगीत चुरा लावलेली. खालच्या अंगाला तिला दोन चिरा असतात, त्यामुळे छपरावर तीन सुटी कौले बसल्यासारखी दिसतात. हा चुरा शोभेपुरता नाही. उन्हाने डांबर कडक होऊन तडकते, ते ऊन चुरा अडवतो. शिंगलला गंज नाही, माकडाला उचलायला काही हाती लागत नाही. नारळ पडला तर खड्डा पडेल, क्वचित फाटेल, पण कौलासारखे तुकडे होत नाहीत.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्यांदा मी नुसते फेल्ट आणले आणि खर्च वाचवायला म्हणून कौलाच्या जुन्या रिपांवर बांबूच्या कामट्या बांधून त्यावर अंथरले. आमचा सुतार म्हणाला होता, "भाऊ, कौल आपल्या पायावर बसतं. ह्या कागदाला बसायला पाट लागतो." मी ऐकले नाही. मृगाचा पहिला जोर आला, तशी दोन कामट्यांच्या मध्ये फेल्टाला झोळ पडली, झोळीत पाणी साचले, पाण्याच्या वजनाने ते फाटले. खाली तीन पोती सुपारी होती. आषाढात पोती उघडली तेव्हा आतून धूर निघावा तशी बुरशी उडाली.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे पाट. वाशांवर आडव्या फळ्या मारायच्या, पाऊण ते एक इंच जाडीच्या, एकीला एक लागून. अगदी घट्ट दाबू नका, दोन फळ्यांत पोस्टकार्ड जाईल इतकी फट ठेवा, कारण पावसाळी हवेत लाकूड फुगते. वाशांतले अंतर दोन फुटांहून जास्त नको. किंजळीच्या फळ्या चांगल्या. ऐन टिकाऊ, पण खिळा मारताना चिरतो, आधी बारीक भोक पाडावे लागते. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण ती वाकते आणि तिला भुंगा लागतो. ती घ्यायचीच तर पुरती वाळवून, वाळवी-भुंग्याचे औषध मारून घ्या. कुठलीही फळी असो, दिवाळीला कापून सावलीत रचून ठेवलेली असावी. ओल्या फळीवर फेल्ट घातले तर फळी वाळताना आकसते आणि फेल्टाला सुरकुत्या पडतात. फळीऐवजी पाण्याला टिकणारे प्लायवूड चालते. साधे प्लायवूड एका पावसात पापडासारखे सुटते.

उतार आपल्या कौलांना असतो तसाच ठेवा, म्हणजे आडव्या दोन फुटांना एक फूट उंची. आडव्या तीन फुटांना एक फूट यापेक्षा सपाट छपरावर शिंगलच्या नादी लागू नका. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो आणि सपाट छपरावर पाणी जोडाच्या वर चढते.

माल किती आणायचा? समजा खोपी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब आहे. वळचणीसकट एकेका बाजूचे पाखे सात फूट उतरते, आणि दोन्ही टोकांना फूट-फूट बाहेर काढले तर लांबी सतरा फूट होते. दोन्ही पाखी मिळून २३८ चौरस फूट, म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर. फेल्टचा गुंडाळा साधारण एक मीटर रुंद असतो. प्रत्येक पाख्यावर दोन पट्ट्या आणि आढ्यावरून दोन्हीकडे उतरणारी एक, अशा पाच पट्ट्या लागतील. सतरा पाचे पंच्याऐंशी फूट, म्हणजे सव्वीस मीटर. जोडाचे धरून दहा मीटरचे तीन गुंडाळे पुरतात. गुंडाळ्यावर भारतीय मानक १३२२ चा छाप आहे का ते बघा. शिंगलच्या पाकिटावर ते किती चौरस मीटर झाकते हे लिहिलेले असते. चोवीस-पंचवीस मीटरचा माल घ्या, काप आणि आढे त्यातच येईल. गुंडाळे उभे ठेवा, पाकिटे सावलीत आडवी ठेवा. उन्हात टाकलीत तर एकमेकांना चिकटून त्यांची वडी होईल.

फेल्ट घालताना वळचणीपासून सुरुवात करायची आणि वर जायचे. माशाची खवले कशी असतात, वरचे खालच्यावर, तसे. वरची पट्टी खालच्या पट्टीवर चार बोटे यावी असे पुस्तकात असते. आपल्या पावसाला मी सहा इंच सांगतो. एकाच ओळीत दोन तुकडे जोडायचे तर जोड वीतभर घ्या, आणि वरच्या ओळीतला जोड त्याच रेषेत येऊ देऊ नका. शेवटची पट्टी आढ्यावरून ओलांडून जाते, तिथे ती कापू नका. खिळे रुंद डोक्याचे, जस्ताचा जाड थर दिलेले. समुद्राकडेच्या खोपीला स्टेनलेसचे खिळे महाग पडले तरी घ्या. किलोभर खिळ्यांत वाचवलेले पैसे छपरातून गळतात.

खोपी चिऱ्याच्या भिंतीला टेकलेली असेल तर तो जोड सर्वांत आधी गळणार हे धरून चाला. फेल्ट भिंतीवर सहा इंच चढवा, चिऱ्यात आडवी खाच पाडून त्याची कड खाचेत घाला आणि वरून सिमेंट भरा. नुसते डांबर फासून भागत नाही, चिरा पाणी पितो आणि डांबराच्या मागून सोडतो.

आता शिंगल. पहिली ओळ उलटी लावायची, म्हणजे चिरा वरच्या बाजूला आणि सलग कड वळचणीला. ती कड फळीच्या बाहेर अर्धा ते पाऊण इंच काढायची, म्हणजे पागोळी फळीवर न येता सुटी पडते. मग तिच्यावरच दुसरी ओळ सुलटी, बरोबर कडेला कड. ही उलटी ओळ विसरलात तर पहिल्या ओळीच्या चिरांतून पाणी थेट फेल्टवर जाते. पुढच्या प्रत्येक ओळीत खालच्या शिंगलचे साधारण पाच इंच उघडे राहतील अशी मांडायची आणि अर्ध्या कौलाइतकी सरकवायची, म्हणजे चिरेवर चीर येणार नाही. प्रत्येक ओळीआधी दोरीला खडू लावून रेघ मारून घ्या. डोळ्याच्या अंदाजाने लावलेली ओळ आढ्यापर्यंत जाता-जाता वीतभर चुकते.

पट्टीला चार खिळे पुरतात असे म्हणतात. आपण सहा मारावे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनपाशी किनाऱ्याला लागले तेव्हा दापोली-मंडणगडाकडे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्तेही किनारा झोडपत गेले. खिळा चिरेच्या जरा वर, पुढच्या ओळीखाली झाकला जाईल असा मारायचा. डोके पट्टीला टेकले की थांबायचे. हातोडीचा एक ठोका जास्त झाला तर डोके आत शिरते, पट्टी फाटते, आणि वाऱ्याला तेवढे पुरते. वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने बांधलेले नसतील तर मात्र सहा खिळ्यांचाही उपयोग नाही. वारा वळचणीखालून शिरला तर सबंध छप्परच उचलतो.

शिंगल कापायची ती उलट बाजूने, चुऱ्याच्या बाजूने कापली तर सुरीची धार दहा मिनिटांत जाते. पाठीवर प्लास्टिकची पट्टी असते. ती काही जातींत सोलायची असते, काहींत नाही, पाकिटावरची सूचना वाचून घ्या.

आढ्यावर शिंगलचे एकेक कौल सुटे कापून दुमडून बसवायचे. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा. आढे दक्षिणोत्तर असेल तर उत्तरेच्या टोकापासून सुरुवात करून दक्षिणेकडे या, म्हणजे वाऱ्याला उघडी कड सापडत नाही. हे उलटे झालेले छप्पर मी पाहिले आहे. पहिल्याच पावसात आढे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहिले होते.

आणि काम कधी? चैत्र-वैशाखात. शिंगलच्या अंगावर डांबराची एक चिकट रेघ असते, ती उन्हाने वितळून वरची पट्टी खालच्या पट्टीला धरते. रोहिणी लागल्यावर, ढग आल्यावर काम केलेत तर ती चिकटतच नाही. उशीर झालाच तर प्रत्येक कौलाखाली थंड डांबरी लुकणाचा रुपयाएवढा ठिपका लावून दाबा. काम मात्र सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर. भर दुपारी पट्टी मऊ होते आणि पायाचे ठसे उमटतात.

डांबर चुलीवर तापवण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका, थंड लुकण मिळते. तापवायचेच तर भांडे अर्धेच भरा, झाकण जवळ ठेवा, आणि पेट घेतला तर झाकणाने दाबा. पाणी ओतू नका, भडका उडतो. अंगावर पडले तर भरपूर थंड पाणी ओतत राहा, चिकटलेले डांबर ओढून काढू नका, कातडीही येते. तसेच डॉक्टरकडे जा.

शिंगल जमत नसेल, नुसते फेल्टच परवडत असेल, तरी पाट हवाच. मग जोडाला लुकण लावायचे, खालच्या कडेला दोन-तीन इंचांवर खिळे मारायचे आणि वाऱ्यासाठी उतारावर उभ्या रिपा ठोकायच्या. अशा छपराला वरचेवर डागडुजी लागते आणि काही वर्षांनी फेल्ट बदलावे लागते हे मनात धरा.

हे छप्पर सगळीकडे घालावे असे माझे म्हणणे नाही. डांबर पेटते, म्हणून चूल असलेल्या जागी, खोबरे धुरावर वाळवण्याच्या जागी किंवा गुरांना धुरी करता त्या गोठ्यावर ते नको. काळे छप्पर तापतेही. गुरांच्या गोठ्याला तर कौलच बरे. खोपीतसुद्धा दोन्ही टोकांना आढ्याखाली जाळीचे झरोके ठेवा, नाहीतर आतली ओल बाहेर जात नाही आणि फळ्या खालून कुजतात. या छपराचे पाणी पिण्याच्या टाकीत सोडू नका.

वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि नवरात्रानंतर, मऊ झाडूने पाला आणि पोफळीचा कचरा काढा. पाला साठला की शेवाळ येते आणि पाणी ओळीखाली शिरते. खराट्याने घासू नका, चुरा निघतो. एखादे कौल फाटले तर त्याच्या वरच्या ओळीची कड सकाळच्या थंडाव्यात हलकेच उचला, फाटक्याचे खिळे काढा, नवे सरकवा, खिळे मारा आणि लुकण लावून कड दाबा. यासाठी पाकिटातल्या चार-सहा पट्ट्या खोपीतच माळ्यावर राखून ठेवा. पुढे त्याच रंगाची मिळेल याची खात्री नाही.