चार गोल, चार मिठ्या

मंडळी, आज एका मॅचबद्दल बोलतो. १९ फेब्रुवारी २०२०, चॅम्पियन्स लीग, आतालांता विरुद्ध वॅलेन्सिया. आतालांता म्हणजे इटलीतल्या बेर्गामो शहराचा क्लब, पहिल्यांदाच बाद फेरीत आलेला. घरचं मैदान स्पर्धेच्या नियमांत बसत नव्हतं, म्हणून मॅच पन्नासेक किलोमीटरवर, मिलानच्या सान सिरोत. ४०,००० च्या वर प्रेक्षक. बेर्गामोहून बस भरभरून लोक गेले.

आतालांता ४-१ ने जिंकली. मी मोबाईलवर हायलाइट्स बघून टाळ्या वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोलू! आता चार गोल म्हणजे काय? चार वेळा बेंबीच्या देठापासून ओरडणं, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारणं. जे गेले नाहीत ते घरात नाहीतर बारमध्ये एकमेकांना खेटून बसलेले.

दोन दिवसांनी त्याच भागातल्या कोडोन्योमध्ये पहिला स्थानिक कोरोना रुग्ण सापडल्याची बातमी आली. महिना व्हायच्या आत बेर्गामोतून शवपेट्या घेऊन लष्कराचे ट्रक निघाले.

पण सगळं खापर मॅचवर फोडू नका. विषाणू तिथे आधीपासूनच फिरत होता, मॅचने त्याला गर्दी दिली. आमच्या सर्व्हरचंही असंच असतं. अलर्ट वाजतो तेव्हा घोळ कधीचाच सुरू झालेला असतो.

१० मार्चला परतीची मॅच वॅलेन्सियात झाली, प्रेक्षकांविना. आत खुर्च्या रिकाम्या, आणि स्टेडियमबाहेर? चाहते घोळक्याने जमून गाणी म्हणत होते.