वेल्समधील गावोगावचे रग्बी क्लब

दक्षिण वेल्समधील कोळसा खाणींच्या खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजलेला रग्बीचा खेळ प्रार्थनामंदिरे आणि कामगार संघटना यांच्या बरोबरीने गावजीवनाचा आधार बनला; आज मात्र तेथील अनेक क्लबांना शनिवारच्या सामन्यासाठी पंधरा खेळाडू उभे करणे जड जाते. 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपानंतर खाणी झपाट्याने बंद पडल्या, तरुण कामासाठी शहरांकडे गेले, आणि मागे राहिलेल्या अनेकांच्या वाट्याला शनिवार-रविवारच्याही पाळ्या आल्या. गळती प्रथम दिसते ती क्लबच्या दुसऱ्या संघात, आणि तिचा फटका बसतो स्क्रमला. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू खांदे भिडवून चेंडूसाठी करतात ती रेटारेटी. तिच्या पुढच्या फळीसाठी प्रशिक्षित तिघे न मिळाल्यास सुरक्षिततेसाठी ती रेटा न लावता उरकावी लागते, आणि खेळाचा प्राणच हरपतो.

त्याहून गंभीर आहे ती कार्यकर्त्यांची दमणूक. शुक्रवारी रात्री खेळाडूंना फोन करणारा चिटणीसच अनेकदा सकाळी मैदानावर पांढऱ्या रेषा आखतो आणि सामन्यानंतर चिखलाने माखलेल्या जर्सी धुवायला नेतो. शिवाय बालसुरक्षेचे नियम, डोक्याला मार लागल्यास करावयाच्या नोंदी, विमा आणि हिशेब हेही त्याच्याच टेबलावर येतात. हे नियम आवश्यकच आहेत, परंतु ते पाळण्याचा भार बिनपगारी कार्यकर्त्यांच्या त्याच मूठभर गटावर पडू देणे अन्यायाचे आहे, कारण 1995 मध्ये व्यावसायिक झालेल्या या खेळाला वरच्या स्तरावरचे खेळाडूही अखेर याच मैदानांतून मिळतात.