गिरणीच्या इंजिनाचं ऑइल जात होतं कुठं?

आज पापड-मसाल्याचं काही सांगणार नाही, इंजिनाचं सांगणार आहे. ज्या गटाकडे डिझेलवर चालणारी गिरणी, मळणीयंत्र किंवा पंप आहे, त्यांनी जरा रेडिओजवळ सरकून बसा.

आमच्या गटाची पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चालते. एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं साधं इंजिन. दिवसा लाइटीचा भरवसा नाही म्हणून हेच घेतलं. दोन वर्षं बिनतक्रार चाललं आणि मग ऑइल गळायला लागलं. एअर फिल्टरमधून हवा ज्या वाकड्या नळीनं इंजिनाच्या डोक्यात जाते, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. ती जिथं बोल्टांनी बसवलेली असते, बरोबर त्या सांध्यावर काळं ऑइल साचायचं आणि खाली ठिबकायचं. खाली पत्र्याचा डबा ठेवला, तरी फरशी चिकट ती चिकटच.

मिस्त्री आला, पॅकिंग बदलून गेला. आठ दिवसांत पुन्हा ओलं. परत आला, या वेळी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सोल्यूशन फासलं. पंधरा दिवस टिकलं. तिसऱ्यांदा त्यानं बोल्ट इतके आवळले की एकाचे आटेच गेले. मिस्त्री वाईट नव्हता. आम्ही त्याला गळती दाखवली, त्यानं गळती बुजवली. शेवटी तो म्हणाला, इंजिन बांधावं लागेल, रिंगा-लायनर सगळं बदलावं लागेल, अठरा हजार धरा.

अठरा हजार म्हणजे आमचे बँकेचे कितीतरी हप्ते. बैठकीत चर्चा झाली आणि बोलता बोलता गाडी भलतीकडेच वळली. महिन्याला इतकं ऑइल लागतंच कसं? गिरणी चालवणाऱ्या ताई घरी तर नेत नाहीत? त्यांच्या घरी मोटारसायकल आहे, हेही कुणीतरी बोललं. ताई काहीच बोलल्या नाहीत. मीही गप्प बसले. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच किडा होता.

त्या बैठकीत ताई एवढंच म्हणाल्या होत्या, "ऑइल घालायचं झाकण काढलं की फुस्स करतं, कुकरसारखं." कुणी लक्ष दिलं नाही. दोन दिवसांनी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका दळण घेऊन आले. त्यांना मी सहज हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग पॅकिंगचं काय घेऊन बसलात? ब्रीदर बघा."

आता हे नीट ऐका. इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या पेटीतली हवा दाबली जाते. शिवाय रिंगांच्या फटीतून थोडा जळका धूरही खाली उतरतो. ही हवा बाहेर पडायला वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. आमच्या इंजिनात तो टॅपेट कव्हरवर आहे. आत तारेची जाळी आहे आणि त्यातून एक रबरी पाइप मॅनिफोल्डला जोडलेला आहे. जाळीनं ऑइल अडवायचं आणि नुसती हवा पुढे सोडायची, असं ते काम. कुकरची शिटी तुंबली की वाफ रिंगेतून यायला लागते. तेव्हा आपण नवी रिंग आणत नाही, आधी शिटी साफ करतो. इथंही तसंच. ब्रीदर तुंबला की दाब साठतो आणि जो सांधा कच्चा असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो.

काकांनी आधी काही उघडलं नाही. इंजिन थंड होऊ दिलं, सगळा भाग रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडा करायला लावला आणि वरून खालपर्यंत टाल्कम पावडर मारली. मग दहा मिनिटं इंजिन चालवलं. पहिली ओली रेघ मॅनिफोल्डवर नाही, त्याच्या वर टॅपेट कव्हरच्या कडेला उमटली! तिथून ऑइल ओघळून मॅनिफोल्डच्या सांध्यावर साचत होतं आणि आम्ही तीन वेळा तिथंच पॅकिंग घातलं होतं.

मग ब्रीदर उघडला. जाळीत काळा राडा, गुळाच्या काकवीसारखा. रबरी पाइप फुगून मऊ झालेला. मॅनिफोल्डची नळी काढली तर आतूनही ओली. काकांनी ऑइलची पट्टी काढून बघितली आणि विचारलं, "ऑइल कधी मोजता?" ताई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी, इंजिन बंद केल्याबरोबर. मॅडमनीच सांगितलंय."

मॅडम म्हणजे मी. इंजिन नुकतं बंद केलेलं असताना ऑइल अजून वरच्या भागात असतं, ते खाली उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तोवर पट्टी कमीच दाखवणार. ताई रोज ती "कमी" भरून काढायच्या, म्हणजे ऑइल वरच्या खुणेच्याही वर जायचं. जास्तीचं ऑइल उडून ब्रीदरमध्ये, तिथून मॅनिफोल्डमध्ये. थोडं बाहेर ठिबकायचं, थोडं आत जळायचं. चिमणीतून निळसर धूर येत होता, तो आम्ही डिझेलच्या माथी मारला होता.

जाळी रॉकेलमध्ये धुतली, पाइप नवा टाकला, ऑइल खुणेपर्यंत काढलं. टॅपेट कव्हर आणि मॅनिफोल्ड दोन्हीची पॅकिंग बदलली, पण जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून. खरवडताना कचरा आत पडू नये म्हणून भोकात स्वच्छ फडकं कोंबलं आणि आठवणीनं काढलं. बोल्ट एकदम एक न आवळता आळीपाळीनं, थोडे थोडे. सगळं मिळून खर्च साडेसहाशे रुपये, त्यात गेलेल्या आट्यांचं कामही आलं.

मॅनिफोल्डचा सांधा सैल असेल तर "थोडं ठिबकतंय, ठिबकू दे" म्हणू नका. जिथून ऑइल बाहेर येतं, तिथून इंजिन चालू असताना धूळ आत ओढली जाते, तीही फिल्टरला चुकवून. गिरणीत धुळीला काय तोटा? ती रिंगा आणि लायनर घासते, आणि मग मिस्त्रीचे अठरा हजार खरोखर द्यावे लागतात. जाळी साफ करूनही झाकणातून भकाभका धूर येत राहिला तर मात्र रिंगा गेल्या असं समजा.

आणखी एक, हे घाबरवायला सांगत नाही. हवेच्या वाटेनं फार ऑइल आत गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. अशा वेळी हवेचं तोंड जाड फळीनं दाबून बंद करायचं. हात किंवा पदर जवळ न्यायचा नाही. जवळ जाणं शक्य नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पळायचं. आमच्याकडे फळी आता भिंतीला खिळ्यावर टांगलेली आहे.

पुढच्या बैठकीत मी ताईंची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि इतिवृत्तात लिहून घेतलं, की ऑइल कमी येण्यात त्यांचा दोष नव्हता, मोजण्याची वेळ मी चुकीची सांगितली होती. ताईंनी सही केली आणि म्हणाल्या, "आता सकाळी मोजते, हँडल मारायच्या आधी." कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला त्यांनी लाल पेनानं लिहिलंय, शिटी. ब्रीदर म्हणायला त्यांना अजून आवडत नाही.