साथीचे नियम आणि मुलांचे खेळ

व्हिडिओ गेम मुलांना जे काही शिकवतो, ते त्यातील चित्रांपेक्षा आणि मधूनमधून झळकणाऱ्या आरोग्यसूचनांपेक्षा त्याच्या नियमांमधून अधिक शिकवतो. तरीही संसर्गजन्य रोगांवरील खेळांची पारख करताना ही नियमांची बाजूच सर्वांत कमी तपासली जाते, याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. रोगजंतूंना गोळ्या घालून गुण मिळवण्याच्या खेळात मजकूर कितीही अचूक असला, तरी मूल एवढेच शिकते की आजार हे एकट्याने लढायचे द्वंद्व असून प्रत्येक सूक्ष्मजीव शत्रू आहे. आतड्यांत सुखाने नांदणारे असंख्य जिवाणू अशा खेळात विनाकारण मारले जातात. युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने 2006 मध्ये सुरू झालेल्या आणि ब्रिटनमधून चालवल्या गेलेल्या ‘ई-बग’ या शालेय प्रकल्पाने उपयुक्त सूक्ष्मजीवांनाही अभ्यासक्रमात स्थान दिले, ही त्याची मोठीच जमेची बाजू होय.

साथ म्हणजे एकाचा आजार नव्हे, तर अनेकांच्या संपर्कांचा परिणाम. आणि हे नियमांतच गुंफणारे उदाहरण ‘व्हायविल’ या मुलांसाठीच्या अमेरिकी आभासी नगरीत सापडते. तेथे 2002 मध्ये ‘व्हायपॉक्स’ नावाची कृत्रिम साथ सोडण्यात आली. लागण झालेल्या मुलाच्या तेथील प्रतिमेच्या, म्हणजे त्याने कमावलेल्या आभासी पैशांतून हौसेने सजवलेल्या चेहऱ्यावर लाल पुटकुळ्या उठत आणि त्याने लिहिलेल्या वाक्यांत मध्येच शिंका घुसत. कोणाच्या सहवासामुळे हे घडले, कोणापासून दूर राहावे, याची चर्चा करायला मुलांना कोणी सांगावे लागले नाही. यास्मिन काफाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीचा शैक्षणिक अंगाने अभ्यास केला आहे.

याउलट 2012 मध्ये आलेल्या ‘प्लेग इंक.’मध्ये खेळणारा स्वतःच रोगजंतू होतो. रोग फार लवकर घातक ठरला, तर जग सावध होऊन औषधाच्या शोधाला लागते, हे त्यातून उत्तम कळते. परंतु खेळाडूने गुण खर्चून निवडलेला बदल जगभरातील सर्व जंतूंमध्ये एकाच वेळी अवतरतो, हे मात्र साफ चुकीचे आहे, कारण उत्परिवर्तन, म्हणजे जनुकीय रचनेतील बदल, निसर्गात योगायोगाने घडते आणि त्यातील तगून राहणारे प्रकार पुढे पसरतात. हा खेळ शास्त्रीय प्रतिमान नाही, असा खुलासा खुद्द निर्मात्यांनी जानेवारी 2020 मध्ये केला होता. तो वर्गात वापरू नये असे नाही. शिक्षकाने ही चूक मुलांनाच शोधायला लावली, तर तासाचे सोने होईल.

महाराष्ट्रासाठी असा खेळ रचायचा झाल्यास डेंग्यूइतका सोयीचा विषय नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगितले जाते. हा नियम जणू खेळासाठीच घडवला आहे: खेळाडूने स्वतःचे पिंप घासले, पण शेजारच्या गच्चीवरील टायर तसाच राहिला, तर डास त्याच्याही घरी येणार, आणि ते टाळण्यासाठी त्याला शेजाऱ्याशी बोलावेच लागणार.

अशा रचनेला महागडी साधनेही लागत नाहीत. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या व्हॅनेसा कोलेला यांनी विद्यार्थ्यांच्या अंगावर बिल्ल्यांएवढे लहान संगणक लावून, त्यांच्या गाठीभेटींतून गुपचूप पसरणारा ‘विषाणू’ सोडला होता. लक्षणे उशिरा का दिसतात, म्हणजे अधिशयन काळ कसा असतो, आणि काही जण अखेरपर्यंत निरोगी का राहतात, हे विद्यार्थ्यांनी तर्काने शोधायचे होते. हाच खेळ बिल्ल्यांऐवजी घडी घातलेल्या चिठ्ठ्यांवर, एकही फोन नसलेल्या वर्गातही खेळता येतो.