परवानगी बंदरावरच मागा



३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मच्छीमार बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा शुभारंभ झाला. बोटी एक लाख, खर्च सुमारे ३६० कोटी, यंत्र इस्रोने विकसित केलेलं. किनाऱ्यापासून काही अंतरावर मोबाइलची रेंज संपते. तिथून पुढे हे यंत्र उपग्रहाशी बोलतं आणि ब्लूटूथने तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, फोनशी. वादळाचा इशारा फोनवर येतो, मदतीची हाकही देता येते. वसईच्या पाचूबंदरहून निघालेल्या बोटीवर फोनमधलं अ‍ॅप म्हणूनच चोख हवं.

किनाऱ्यासाठी अशी अ‍ॅप करू पाहणाऱ्या मुलामुलींशी मला आज बोलायचं आहे. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरलं, की एकदाच लिहिलेलं अ‍ॅप अँड्रॉइडवरही चालतं आणि आयफोनवरही. पण जीपीएस आणि ब्लूटूथ फोनच्या ताब्यात असतात. ते प्लगइनमार्फत मागावे लागतात आणि ज्या त्या फोनच्या रीतीने नोंदवावे लागतात: अँड्रॉइडला मॅनिफेस्ट फाइलमध्ये, आयफोनला इन्फो पीलिस्टमध्ये. ब्लूटूथ कशासाठी हवं हे सांगणारं वाक्य आयफोनच्या फाइलमध्ये नसेल, तर अ‍ॅप जागच्या जागी बंद पडतं. हे वाक्य घाईत कसंबसं इंग्रजीत उरकू नका. ते मराठीत देता येतं. ‘बोटीवरच्या यंत्राशी फोन जोडायला ब्लूटूथ हवं. वादळाचा इशारा त्यावरूनच येईल.’ एवढं लिहिलं की खलाशालाही कळेल.

अँड्रॉइडची गोष्ट जास्त नाजूक आहे. अँड्रॉइड १२ येईपर्यंत जवळचं ब्लूटूथ यंत्र शोधायलासुद्धा लोकेशनची परवानगी मागावी लागे. मासळी कुठे लागली ते कोणता तांडेल सहज सांगेल? तो ‘नाही’ म्हणणार, आणि त्याचं बरोबरच आहे. आता जवळच्या उपकरणांची परवानगी वेगळी आहे. शिवाय ‘या शोधातून आम्ही ठिकाण काढणार नाही’ असं मॅनिफेस्टमध्ये जाहीर करता येतं. ते जाहीर करा, आणि पाळा. नकाशासाठी लोकेशन लागलंच, तर ते वेगळं मागा, कारण सांगून मागा.

परवानगी मिळाली तरी स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला फोन मागे चाललेली अ‍ॅप थांबवतो. तसं होऊ नये म्हणून अँड्रॉइडवर फोरग्राउंड सेवा ठेवावी लागते. तिची सूचना वर दिसते. ती दिसू द्या.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात. परवानग्या तेव्हाच मागा, तांडेलाशेजारी बसून. मग फोन विमान मोडवर टाका, ब्लूटूथ तेवढं सुरू ठेवा, स्क्रीन बंद करून अर्धा तास थांबा आणि यंत्रावरचा संदेश फोनवर येतो का ते तिथेच पाहा.