दगड की हत्यार?

कळमेश्वरकडच्या काळ्या रानात नांगर धरताना, नाल्याच्या काठाने जाताना एखादा धारदार दगड हाती लागतो. हे आदिमानवाचे हत्यार तर नव्हे? नुसत्या आकारावर जाऊ नका. पुरात गोटे एकमेकांवर आपटूनही कपच्या उडतात. गारगोटीवर माणसाने नेमका घाव घातला, की निघालेल्या कपचीवर घावाच्या जागेखाली फुगवटा येतो, त्यापासून लहरींसारख्या रेषा पसरतात. कडेनेही ओळीने, एका बेताने लहान कपच्या काढलेल्या दिसल्या, तर माणसाचा हात लागल्याचा संभव मोठा.

१८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी असेच हत्यार ओळखले. पुढे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी नेवाशाला, प्रवरेच्या कोणत्या थरात कोणती हत्यारे सापडतात हे पाहून त्यांचा क्रम लावला.

तेव्हा गुरुजी, दगड शाळेच्या कपाटात ठेवायची घाई नको. तो उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा. गाव, शेत, नाला, थर वहीत लिहा. खणू मात्र नका. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. कोठे सापडला हेच हरवले, तर दगड उरेल, पण त्याची साक्ष जाईल.