विनिपेगच्या दहा जागा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचं बोलायचं सोडून हा कॅनडातल्या एका शहराच्या मतदारसंघाचं काय सांगत बसला, असं मागे बसलेल्यांना वाटत असेल. वाटू द्या. दर निवडणुकीच्या तोंडावर आपल्या बैठकांत एकच वाद पेटतो. शेतकऱ्यांनी निवडणूक लढवावी की नाही, आणि लढवली तर पदरात काय पडेल? शेतकऱ्यांनी हा डाव खेळून जिंकला असा एक मुलूख आहे. जिंकल्यावर त्यांनी काय केलं, तेही तिथल्या कायद्यांत लिहिलेलं आहे.

त्या प्रांताचं नाव मॅनिटोबा. गव्हाचा मुलूख, पावसाच्या भरवशावरचा. राजधानी विनिपेग. गहू पिकवायचा खेड्यातल्या माणसाने आणि त्याचा भाव ठरायचा विनिपेगच्या धान्य बाजारात, वायद्याच्या सौद्यांत. रेल्वेचं भाडं, गोदामवाल्याची मापात मारामारी, परदेशी अवजारांवरची जकात, ही त्यांची रडगाणी. आपली पऱ्हाटी आणि जिनिंगवाला डोळ्यांपुढे आणा, म्हणजे वेगळं सांगायला नको.

१९२० पूर्वी विनिपेग शहराचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग होते आणि विधानसभेत सहा जागा होत्या. उत्तरेला रेल्वे आणि कारखान्यांतले मजूर, पूर्व युरोपातून आलेली गरीब माणसं. दक्षिणेला व्यापारी आणि बंगलेवाले. १९१९ च्या मे महिन्यात तिथे सार्वत्रिक संप झाला. तीस हजारांच्या आसपास कामगार सहा आठवडे कामावर गेले नाहीत. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, माणसं मेली, संप मोडला. पुढारी राजद्रोहाच्या खटल्यांत तुरुंगात गेले.

पुढच्याच वर्षी निवडणूक आली. त्याआधी नॉरिस यांच्या लिबरल सरकारने सगळं विनिपेग एकच मतदारसंघ केलं आणि त्याला दहा आमदार दिले. आता इथे जरा नीट ऐका, कारण मेख इथेच आहे. एका मतदारसंघात अनेक जागा म्हटल्या की आपल्याला बाजार समितीची निवडणूक आठवते. जेवढे संचालक तेवढे शिक्के मारायचे. मग पॅनेल होतं. शंभरात एक्कावन्न मतं ज्या पॅनेलची, त्याचे सगळे निवडून येतात, एकोणपन्नासवाल्याच्या हाती भोपळा. विनिपेगमध्ये हे नव्हतं. जागा दहा, पण मत एकच. मतदाराने नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. पहिला निवडून आला आणि त्याची मतं उरली, तर उरलेली दुसऱ्या पसंतीकडे जायची. सर्वांत खालचा बाद झाला, तर त्याचीही मतं वाया न जाता पुढच्या नावाकडे जायची. आपल्याकडे आमदार लोक विधान परिषदेला असंच मतदान करतात. जुलै २०२४ मध्ये अकरा जागांसाठी बारा उमेदवार होते आणि कोटा २३ मतांचा होता, हे पेपरात सगळ्यांनी वाचलं. आमदारांना ही पद्धत चांगली समजते. मतदाराला समजणार नाही, असं तेच आपल्याला सांगतात.

१९२० च्या जूनमध्ये विनिपेगला सुमारे साडेसत्तेचाळीस हजार मतं पडली. दहा जागा, म्हणून अकराने भागायचं. कोटा आला ४,३०० च्या थोडा वर. कामगारांचा फ्रेड डिक्सन, संपाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडून सुटलेला, त्याला एकट्याला साडेअकरा हजारांवर पहिल्या पसंतीची मतं पडली. साध्या पद्धतीत कोट्यावरची ती सात हजार मतं मातीत गेली असती. इथे ती त्याच्या सोबत्यांकडे गेली. विल्यम आयव्हन्स, जॉन क्वीन आणि जॉर्ज आर्मस्ट्राँग हे तिघं तुरुंगात होते, तिथूनच निवडून आले. दहापैकी चार कामगारांचे, चार लिबरल, दोन कॉन्झर्व्हेटिव्ह. त्या लिबरलांत एडिथ रॉजर्स होत्या, मॅनिटोबाच्या विधानसभेतल्या पहिल्या बाई. मायबहिणींनो, त्या प्रांतात बायांना मत मिळालं ते १९१६ साली, कॅनडात सर्वांत आधी, आणि त्या मागणीमागे तिथली शेतकऱ्यांची संघटनाही उभी होती.

ज्यांनी गोळीबार केला आणि ज्यांच्यावर झाला, दोघांचीही माणसं एकाच सभागृहात बसली. विनिपेगात पुन्हा तसा संप पेटला नाही. त्याचं सगळं श्रेय मी मतपत्रिकेला देणार नाही. पण तोंड उघडायला जागा मिळाली, हे खरं.

आता आपल्या भाऊबंदांकडे येऊ. १९२२ च्या जुलैमध्ये युनायटेड फार्मर्स ऑफ मॅनिटोबा या शेतकरी संघटनेने ५५ पैकी २८ जागा जिंकल्या. सरकार आलं, पण मुख्यमंत्री कोणाला करायचं ते ठरलेलंच नव्हतं. शेवटी त्यांनी कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य गाठला, जॉन ब्रॅकन. कोरडवाहू शेतीवर पुस्तक लिहिलेला माणूस. निवडणुकीलाही उभा नव्हता. तो पुढे १९४३ पर्यंत मुख्यमंत्री राहिला. कोरडवाहूचं पुस्तक लिहिणाऱ्याला आपल्याकडे विद्यापीठाच्या आवाराबाहेर कोण विचारतं?

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो. १९२१ च्या जनगणनेत मॅनिटोबाची लोकसंख्या ६ लाख १० हजार, त्यात विनिपेगची १ लाख ७९ हजार. म्हणजे शंभरात एकोणतीस माणसं शहरात आणि ५५ पैकी १० जागा, म्हणजे शंभरात अठरा. शेतकऱ्याच्या मताला जास्त वजन होतं आणि शेतकऱ्यांच्या सरकारने ते तसंच ठेवलं. दुसरं असं की, प्रमाणात जागा मिळाव्यात हे तत्त्व त्यांच्या तोंडी होतं, पण खेड्यांत ते त्यांनी लावलं नाही. तिथे एक आमदाराचेच मतदारसंघ राहिले. १९२४ च्या कायद्याने फक्त पसंतीक्रम आणला. शहरात दहा माणसं चार पक्षांत वाटली जात होती, ते सोयीचं होतं. खेड्यात आपली एकगठ्ठा माणसं येत होती, तेही सोयीचंच होतं. याला मी लबाडी म्हणतो. आपल्या लोकांनी केली म्हणून तिला दुसरं नाव देणार नाही.

उलट बाजूही आहे. २००८ च्या फेररचनेत विदर्भाच्या विधानसभेतल्या ६६ जागांच्या ६२ झाल्या आणि ठाण्या-पुण्याकडे वाढल्या. माणसं शहराकडे गेली, जागाही गेल्या. डोकी मोजण्याचा नियम न्याय्य आहे. पण ज्याचं वावर ओसाड पडलं म्हणून तो पुण्याला गेला, त्याची जागाही वावरामागे पुण्याला जावी, हे गिळायला जड जातं. मॅनिटोबाच्या शेतकऱ्याने ते गिळलं नाही, एवढंच.

विनिपेगचा दहा जागांचा मतदारसंघ १९२० ते १९४५ अशा सात निवडणुका चालला. त्यातून १९३६ मध्ये जेम्स लिटरिक आला, कॅनडाच्या कोणत्याही प्रांतिक सभागृहातला पहिला कम्युनिस्ट. १९४१ मध्ये बिल कार्डश आला, स्पेनच्या लढाईत पाय गमावलेला. सरकारला आवडणारी ही माणसं नव्हती. १९४९ ला शहराचे तीन तुकडे करून प्रत्येकाला चार जागा दिल्या. पसंतीक्रम राहिला, पण जागा कमी म्हणजे लहान गटाला कोटा गाठणं अवघड. आपल्याकडेही १९५२ आणि १९५७ ला दोन-दोन सदस्यांचे मतदारसंघ होते, १९६१ च्या कायद्याने गेले. पण ते राखीव जागेसाठी होते, तिथे हा पसंतीक्रम नव्हता.

शेवट केला तो डग्लस कॅम्बेलच्या सरकारने. हा कॅम्बेल स्वतः शेतकरी, १९२२ च्या लाटेत निवडून आलेला. १९५५ च्या कायद्याने सीमा आखायला स्वतंत्र आयोग नेमला, कॅनडात असा पहिलाच. त्याच कायद्यात शहरातले सात मतदार म्हणजे खेड्यातले चार, असं प्रमाण लिहून टाकलं. पूर्वीपेक्षा ते शहराला बरंच होतं! सगळे मतदारसंघ एकेका आमदाराचे झाले. १९५८ च्या जूनमध्ये त्या नव्या सीमांवर पहिली निवडणूक झाली आणि डफ रॉब्लिनच्या कॉन्झर्व्हेटिव्हांनी कॅम्बेलचं सरकार घालवलं. कार्डश त्यानंतर सभागृहात दिसला नाही. सात-चारचं प्रमाण १९६८ मध्ये गेलं. कॅम्बेल तेव्हाही आमदार होता, १९६९ पर्यंत राहिला.